जस्टभाऊ

संग्रामपूरच्या बसस्टँडवर "जस्टभाऊ कुठं भेटतील?" असं विचारलं तर कुणी जागा सांगत नाही. सगळे फोन काढतात. कारण जस्टभाऊ कुठल्याच ठिकाणी नसतात, ते नेहमी दोन ठिकाणांच्या मधे असतात. एका ठिकाणाहून निघालेले आणि दुसऱ्या ठिकाणी पोचत आलेले. निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं असतं.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पांढरा शर्ट, त्याच्या खिशात दोन मोबाइल, त्यामुळे शर्ट कायम डावीकडे ओघळलेला. घरचं सात एकर वावर, त्यात पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. वावराखेरीज दुसरा धंदा नाही आणि फुरसत तर त्याहून नाही. कुणाचा फेरफार अडकला, कुणाचा पोरगा कॉलेजच्या प्रवेशासाठी न्यायचाय, कुणाच्या सोयरिकीत हुंड्यापेक्षा मानपानावरून बिनसलंय, सगळीकडे जस्टभाऊंची गरज लागते. खरं नाव सातबाऱ्यावर आणि मतदार यादीत आहे. ते बाहेर कुणाला लागत नाही.

मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. या घड्याळाबद्दल गावात दुमत नाही, ते सेकंदानंही चुकत नाही. सकाळच्या बातम्यांच्या ठोक्याला जस्टभाऊ रोज ते लावून घेतात. किती वाजले हे त्यांना अष्टौप्रहर ठाऊक असतं. त्या माहितीचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही, एवढंच.

नाव पडलं ते त्यांच्या एका शब्दावरून. नव्या माणसाला वाटतं शब्द एकच आहे. जुन्या माणसाला त्याच्या जाती माहीत असतात. "जस्ट निंगालो" ही पहिली जात. हे वाक्य ऐकू येतं तेव्हा मागं बादलीत पाणी पडत असतं आणि वहिनी ओरडत असतात, "अवो, फोन ठेवा ना, साबन गेली पान्यात!" दुसरी जात "जस्ट पोहचूनच रायलो." हे ते गाडीला किक मारताना म्हणतात. "जस्ट पाच मिनटं" म्हणजे समोर चहा आलाय आणि अजून बशीत ओतायचा आहे. "जस्ट पाह्यला तुमचा फोन" म्हणजे सगळेच पाहिले होते. "जस्ट होऊनच रायलं तुमचं काम" ही सगळ्यांत दणकट जात, ती पेरणीपासून वेचणीपर्यंत टिकते. आणि "साहेब जस्ट गेले ना बावा!" हा भूतकाळी प्रकार. यातले साहेब परवा गेलेले असतात.

स्टँडसमोरच्या हॉटेलातले बापू या शब्दाचे जाणकार. जस्टभाऊंच्या वाटेकडे डोळे लावून कुणी बाकड्यावर बसलं की बापू विचारतात, "काय म्हने तो? निंगालो म्हने का पोहचलो म्हने?" निघालो म्हटलं असेल तर बापू कचोरी तळायला टाकतात. पोचतो म्हटलं असेल तर नुसता चहा ठेवतात. एकदा नवीन बदलून आलेल्या एका कर्मचाऱ्यानं "जस्ट निंगालो" हे वाक्य खरं धरलं आणि उन्हात रस्त्यावर उभा राहिला. बापूंनी त्याला बोलावून पंख्याखाली बसवलं आणि म्हणाले, "साहेब, तालुक्यात नवे हात. बसा. मंग कयते हळूहळू."

जस्टभाऊंना इंग्रजी पाचवीत भेटलं. त्या वेळी मराठी शाळांत ते पाचवीपासूनच होतं. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं. सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं त्याचा अर्थ होता, गाडी नुकतीच सुटली आहे. संग्रामपूरला रेल्वे नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांनी आगगाडी पाहिली होती ती शेगावला, गजानन महाराजांच्या दर्शनाला गेल्यावर. तेव्हा गाडी केव्हा सुटली याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. पण पोरगा हुशार. त्यानं त्यातला "जस्ट" तेवढा उचलला. बाकीचं इंग्रजी दहावीच्या परीक्षेत सोडून आला.

आता कुणी विचारील, आपल्या भाषेत "आत्ताच" आहे, "एवढ्यात" आहे, ते काय वाईट होते? वाईट नव्हते, पण त्यांना उलटतपासणी सोसत नाही. "आताच निंगालो" म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "आता म्हंजे कव्हा?" घरच्या शब्दाला कुणीही दरडावतं. "जस्ट म्हंजे कव्हा?" असं मात्र संग्रामपुरात आजवर कुणी विचारलेलं नाही. पाहुण्या शब्दाला असं तोंडावर विचारणं बरं दिसत नाही.

त्या शब्दाचा असा वापर करणारे ते जगात एकटे नाहीत, हे त्यांना गावातल्या इंग्रजीच्या निवृत्त सरांनी सांगितलं. दक्षिण आफ्रिकेतला माणूस "जस्ट नाऊ करतो" म्हणाला, तर ते काम नंतर कधीतरी होणार असं समजायचं. लवकर व्हायचं असेल तर तिथे "नाऊ नाऊ" असं दोनदा म्हणतात. जस्टभाऊंनी हे मन लावून ऐकलं. "म्हंजे सर, एक डाव नाऊ म्हटलं तं खोटं, अन् दोन डाव म्हटलं तं खरं?" सर म्हणाले, "खरं नाही, जरा लवकर." जस्टभाऊंनी मान डोलावली. गांधीजी एकवीस वर्षं तिकडे काढून आले, आणि तरी कमरेला घड्याळ लटकवून मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवत राहिले, याचं त्यांना त्या दिवशी फार नवल वाटलं.

मधे पुण्याच्या पुतण्यानं त्यांच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. माणूस कुठं आहे ते नकाशावर ठिपक्यानं दिसतं. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, यांतलं एक निवडायचं. एकदा काकांनी विचार न करता आठ तास निवडले. पुतण्या शेगाव स्टेशनवर उतरला होता आणि काका त्याला घ्यायला येत होते. संग्रामपूरहून शेगावचा रस्ता वरवट बकालवरून, खिरोड्याला पूर्णा ओलांडून. "जस्ट खिरोड्याच्या पुलावर हाओ," असं काका म्हणाले तेव्हा ठिपका वरवटच्या फाट्यावर होता.

"काका, तुम्ही तर वरवटलाच दिसता!"

"थो ठिपका मांगं रायला असन. मी निंगालो पुढं."

पुतण्या ठिपक्याकडे पाहत राहिला. ठिपका आधी फाट्यावरून उलटा सोनाळ्याच्या दिशेला गेला, कारण तिकडची एक म्हातारी दवाखान्यातून आलेली आणि काली-पिवळी भरून निघून गेलेली. मग तो परत फाट्यावर आला आणि कृषी केंद्रापाशी थांबला, कारण कुणाला तरी फवारणीचं औषध हवं होतं आणि उधारीला जस्टभाऊंचा शब्द लागत होता. मग ठिपका चालायला लागला आणि पुलाच्या अलीकडे पुन्हा थबकला. तिथं एकाच्या गाडीची चेन उतरली होती. पुतण्याची तोवर दोन कचोऱ्या खाऊन झाल्या होत्या. त्याला पहिल्यांदाच दिसलं की काका घरून खरंच निघालेले असतात. ठिपका थांबतो तिथं तिथं एक माणूस उभा असतो, आणि काकांच्या तोंडून "नाही" हा शब्द निघत नाही. जो पहिल्याला "हो" म्हणतो त्याला दुसऱ्याला "जस्ट" म्हणावंच लागतं.

यावर "म्हणून काय साडेदहाचं सांगून अकराला यायचं?" असं ठणकावून विचारणारा गावात एकच माणूस, भूगोलाचे निवृत्त गुरुजी. त्यांचा आणि जस्टभाऊंचा सामना एकदा बापूंच्या हॉटेलात झाला आणि तो अजून लोक सांगतात.

"साडेदहा म्हनलं होतं तुम्ही," गुरुजी म्हणाले.

"कोन्या घड्याळाचे साडेदहा, गुरुजी?"

"भारताच्या! दुसरं घड्याळ हाये काय?"

"तुम्हीच तं शिकवलं होतं. देशाचा टाइम कोन्या रेघेवर धरतात?"

"साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश. मिर्झापूरजवळून जाते." गुरुजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"अन् आपलं संग्रामपूर?"

"पावनेसत्त्याहत्तरच्या आसपास."

"एका अंशाले चार मिनटं. करा हिशोब."

गुरुजींनी नको नको म्हणत हिशेब केला. पावणेसहा अंश, तेवीस मिनिटं.

"म्हंजे घड्याळात बारा वाजतात तव्हा सूर्यनारायन आपल्या डोक्यावर याले तेवीस मिनटं बाकी रायतात. देवच इतका लेट येते. मी त्याच्या अगोदर येऊन बसू काय?"

हॉटेल हसलं. गुरुजी मात्र कच्चे नव्हते. "तेवीस कबूल. तुम्ही तीस मिनटं लेट हा. मंग बाकीचे सात?"

"थे जस्ट," जस्टभाऊ म्हणाले.

गुरुजींनी चिडून इतिहास काढला. सगळ्या देशाची एक वेळ ठरली ती १ जानेवारी १९०६ पासून. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेनं धावायची आणि मुंबई आपल्या सूर्यानं चालायची. नव्या वेळेपेक्षा मुंबईची वेळ ३९ मिनिटं मागं होती. मुंबईकरांना साहेबाची वेळ मानवली नाही, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तिथं जुनं घड्याळ पुरतं सुटलं नव्हतं. गुरुजींना यातून शिस्तीचा मुद्दा काढायचा होता, पण जस्टभाऊंनी आकडा मधेच झेलला. "मुंबई एकोनचाळीसनं मांगं, अन् आपन तेवीसनं. म्हंजे मी मुंबईवाल्याच्या सोळा मिनटं अगोदर आलो, गुरुजी! चहा सांगा."

चहाचे पैसे गुरुजींनी दिले.

जस्टभाऊंना उशिराचा माणूस म्हणून नावं ठेवणाऱ्यानं एकदा आमचा मुलूख पाहावा. पावसाचंच घ्या. हवामान खात्याच्या हिशेबानं तो १ जूनला केरळात येतो आणि जूनच्या मध्याला विदर्भात. केरळातून तो "निघालो" म्हणतो आणि इकडे लोक बियाण्याची पिशवी फोडून बसतात. तो खरंच कधी पोचेल हे कळावं म्हणून शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. गोलात धान्यं ठेवतात, मधे मातीची ढेकळं आणि घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठं सरकला ते पाहून पावसाचं, पिकाचं भाकीत सांगतात. जस्टभाऊ दर वर्षी भाकीत ऐकायला निघतात. ते पोचतात तेव्हा लोक भाकीत ऐकून परत फिरलेले असतात, आणि त्यांतल्या चौघांकडून चार भाकितं ऐकायला मिळतात. जस्टभाऊ म्हणतात, यातच फायदा आहे, चौघांतलं एक तरी खरं निघतं.

रेल्वेचं तर विचारूच नका. खामगावला कापसासाठी इंग्रजांनी जलंबपासून फाटा टाकला तो १८७० साली. पुढं खामगाव–जालना मार्ग व्हावा ही मागणी इंग्रजांच्याच काळापासून सुरू आहे, आणि दर काही वर्षांनी नवं सर्वेक्षण निघतं. इकडे अकोट–खंडव्याची मीटरगेज गाडी बंद झाली, आणि आता मेळघाटाला वळसा घालून नवे रूळ सोनाळा-जामोदकडून येणार म्हणतात. सर्वेक्षणाची बातमी वर्तमानपत्रात आली की जस्टभाऊ ती मोठ्यानं वाचून दाखवतात. "लवकरच" या शब्दापाशी थांबतात आणि पेपर गुरुजींपुढं सरकवतात. "पाहा गुरुजी, सरकारचा जस्ट. मी अर्ध्या तासात तं येतो."

मग एक दिवस जस्टभाऊ वेळेवर आले. त्याची हकीकत अशी. आमच्याकडची लग्नपत्रिका म्हणजे काटेकोरपणाचा नमुना. शुभमुहूर्त १२ वाजून ७ मिनिटे. ही सात मिनिटं कुणी, कशासाठी छापली हे कुणी विचारत नाही, कारण मंगलाष्टकं अडीचला असतात हे नवरदेवाच्या घोड्यालाही माहीत असतं. वरपक्ष म्हणतो "जस्ट निंगालो", वधुपक्ष म्हणतो "सैपाक जस्ट झाला", आणि दोन्हीकडची थाप सारख्या वजनाची असल्यामुळे कुणाचंच काही अडत नाही. त्या लग्नात वऱ्हाड आणायचं काम जस्टभाऊंकडे होतं. वरबाप होता नुकताच सैन्यातून निवृत्त झालेला. त्यानं सकाळी सातला सगळ्यांना गाड्यांत बसवलं आणि जस्टभाऊंना पुढं. वाटेत थांबायची सोय ठेवली नाही. साडेअकराला वऱ्हाड मांडवात हजर.

मांडवात मांडववाला शिडीवर होता. आचारी वांगी चिरत होता. वधुपिता बनियनवर, तोंडाला साबणाचा फेस, आरसा खांबाला टांगलेला. त्यानं आरशातूनच नवरदेव पाहिला आणि म्हणाला, "काय झालं? कोनी गेलं काय?" अघटित घडल्याशिवाय माणसं इतक्या लवकर येत नाहीत, एवढा त्याचा अनुभव. वऱ्हाड दोन तास रिकाम्या खुर्च्यांत बसलं आणि रिकाम्या माणसांना मानपान आठवतो, तसा त्यांना आठवला. नारळ लहान निघाला, टॉवेल पातळ निघाले, एक मावसा रुसून गाडीत जाऊन बसला. शेवटी जस्टभाऊंनीच गाडीपाशी जाऊन त्याची समजूत काढली. "मावसाजी, चूक माही हाये. मी टायमावर आनलं." मावसा उतरला. त्यानंतर कुणीही जस्टभाऊंना वऱ्हाड आणायला सांगताना हळूच बजावतो, "भाऊ, नेहमीसारखं येजा."

घड्याळानं त्यांना खरं गाठलं ते २०२३ च्या जुलैत. त्या पावसात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत हाहाकार उडाला. वावरं खरडून गेली. त्या वर्षी एक रुपयात पीक विमा होता आणि नियम असा, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. या नियमात "जस्ट" बसत नव्हता. जस्टभाऊंनी खिशातले दोन्ही मोबाइल काढले आणि देवळाच्या ओट्यावर बसले. ज्याला ॲप उघडता येत नाही, ज्याच्या फोनला रेंज नाही, ज्याचा पावतीचा कागदच वाहून गेला, असे सगळे ओट्याभोवती. फोटो काढ, गट नंबर टाक, बोट लाव. जस्टभाऊ जेवले नाहीत, आणि ओट्यावर असेपर्यंत त्यांनी तो शब्द एकदाही उच्चारला नाही.

शब्द उच्चारला तो फोननं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला आणि त्याखाली इंग्रजीत अक्षरं आली, "जस्ट अ मोमेंट." कॉलेजातल्या पोरीनं वाचून अर्थ सांगितला, "जरा थांबा, एक क्षण." गोल फिरत राहिला. माणसं त्याच्याकडे पाहत राहिली. सकाळची दुपार झाली. जस्टभाऊंनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि दुरून ओळखीचा माणूस दिसावा तसे पुटपुटले, "हा तं आपल्याच घरचा दिसते."

ओट्यावर हसू फुटलं. पाऊस झाल्यापासून तिथं पहिल्यांदाच कुणी हसलं असेल. रात्री उशिरापर्यंत सगळ्यांची नोंद झाली. जस्टभाऊंची स्वतःची राहिली होती. वहिनींनी घरात शिरल्या शिरल्या विचारलं, "आपली केली काय?" यावर त्यांनी दिलेलं उत्तर एका शब्दाचं होतं. वहिनींनी काही न बोलता फोन त्यांच्या हातून घेतला, चष्मा लावला आणि मुदत संपायच्या आत नोंद केली. त्यांना त्यांच्या नवऱ्याची भाषा लग्नाच्या दिवसापासून कळते. बारा वाजून सात मिनिटांचा त्यांचाही मुहूर्त होता.

यंदा पोळ्याला पुतण्या आला. बैल धुऊन झाले होते, खांदेमळणी झाली होती, आणि हा कंपनीच्या कामाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन ओसरीत बसलेला. कानाला यंत्र लावून कुणाला तरी ठासून सांगत होता, "हो सर, ईओडीपर्यंत देतो. नक्की, ईओडी." फोन ठेवून त्यानं लॅपटॉप बंद केला आणि पुरणपोळीच्या ताटावर बसला.

जस्टभाऊंनी घास थांबवला. "ईओडी म्हंजे काय रे?"

"एंड ऑफ डे, काका. दिवस संपायच्या आत."

"मंग काम टाकून जेवाले काहून बसला?"

"दिवस कुठं संपलाय? आणि साहेब अमेरिकेत आहे. त्याचा दिवस आपल्यानंतर संपतो."

"अन् त्याचाही संपला तं?"

"मग उद्याचा ईओडी."

"थो विचारत नाही, कोन्या डे चा म्हून?"

"नाही काका. तसं कुणी विचारत नाही."

जस्टभाऊंनी ताट बाजूला सरकवलं, वहिनींकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीचं चीज न झालेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "पाहा वं! यासाठी पुन्याले पगार देतात. अन् मी इथं फुकटात करून रायलो!"